झाकणावर काय उरलंय? लेझर तपासणीच्या नोंदी

९ एप्रिल

आम्ही पत्र्याच्या मालाला पावडर कोटिंग करतो, म्हणजे माल धुऊन त्यावर कोरडी रंगभुकटी मारून भाजतो. पुण्याहून ४० झाकणं परत आली. जंक्शन बॉक्सची, १.२ मिमी सीआरसीए (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्याची, करड्या पावडर कोटिंगची. सोबत एका ओळीची चिठ्ठी: फोड आलेत, माल बदलून द्या. दादाने पेटी टेबलावर आपटली आणि जेवायला निघून गेला.

झाकणं खिडकीशी धरून पाहिली. बहुतेक फोड कडेला आहेत, पत्रा दुमडलेला आहे त्या रेषेत, ओळीने. ब्लेडने एक उघडला तर आत तेलकट डाग. म्हणजे डिग्रीजिंगनंतरही, तेल धुऊन काढल्यावरही, पत्रा दुमडणाऱ्या प्रेसचं तेल राहिलं होतं. आठ-दहा झाकणांवर मात्र बारीक फोड अगदी मधोमध, सपाट भागावर आहेत. ते कोटिंग करताना धूळ बसल्याने आले असावेत असं धरून बाजूला ठेवले.

आमची तपासणी सध्या दोन गोष्टींवर चालते. पहिली, रिन्समधून, म्हणजे शेवटच्या धुण्याच्या पाण्यातून, जॉब बाहेर काढला की पाण्याचा पडदा एकसंध राहतो की तुटतो ते बघायचं; तुटला तर तेल आहे. दुसरी, ३८ चं डायन पेन ओढायचं; त्याची शाई स्वच्छ पत्र्यावर पसरते, तेलकटावर गोळा होते. दोन्ही शहाण्याला फसवतात. डिग्रीजरचा साबणच पत्र्यावर उरला असेल तर खाली तेल असूनही पाणी छान पसरतं. पेनाचं तर असं की आमच्या दमट हवेत त्याची शाई लवकर बदलते, आणि ज्या जागी रेघ ओढली ती जागा परत धुवावी लागते. शिवाय दुमडीच्या फटीत पेन जातच नाही.

१४ एप्रिल

लेझरचं डोक्यात घोळत होतं, आज कागदावर आणलं.

खनिज तेलात कडीबंद रेणू असतात, बेंझिनच्या कड्या एकमेकींना जोडलेल्या. त्यांच्यावर जांभळा किंवा अतिनील प्रकाश पडला की ते तो गिळतात आणि जरा कमी ऊर्जेचा, निळसर-हिरवट प्रकाश परत टाकतात. लोखंड असं करत नाही, ते पडेल तोच प्रकाश परतवतं. म्हणजे जांभळा लेझर मारायचा, परत येणाऱ्या प्रकाशातला जांभळा भाग काचेने अडवायचा, आणि उरेल तो मोजायचा. उरला तर तेल आहे. परतणारा प्रकाश नेहमी लांब तरंगलांबीचा असतो हे स्टोक्सने १८५२ मध्येच लिहून ठेवलंय, त्यामुळे यात माझं डोकं काही नाही.

याच तत्त्वावरची तयार यंत्रं मिळतात. कोटेशन मागवलं होतं, दादाने आकडा वाचून कागद नीट घडी घालून परत दिला. दुसरी पद्धत स्पंदित लेझरची: पृष्ठभागाचा ठिपकाभर भाग जाळून प्लाझ्मा करायचा आणि त्याच्या प्रकाशातून मूलद्रव्यं ओळखायची. मंगळावर २०१२ साली उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीवर तसलं उपकरण आहे. आमच्या शेडवर तूर्त नको.

ठरलं ते असं: ४०५ नॅनोमीटरचा २० मिलिवॅटचा डायोड लेझर, ४५० च्या पुढचाच प्रकाश जाऊ देणारी पिवळी काच, प्रकाश मोजायला साधा सिलिकॉन फोटोडायोड, सिग्नल वाढवायला एक ऑपअ‍ॅम्प आणि घरात पडलेला आर्डुइनो (छोटा संगणक-बोर्ड).

लेझर हाताळताना एक गोष्ट सगळ्यांना सांगितली. हा प्रकाश डोळ्याला मंद वाटतो, कारण ४०५ ला आपली नजरच कमजोर असते. पण पडद्याला इजा व्हायची तेवढी होतेच. २० मिलिवॅट म्हणजे ३बी वर्गातला लेझर. नारिंगी चष्मा घातल्याशिवाय खोक्याचं दार उघडायचं नाही, आणि दाराला मायक्रोस्विच, म्हणजे दार उघडलं की लेझर बंद. टाकीवरचे मामा म्हणाले, "माझा आधीच एक डोळा मोतीबिंदूत गेलाय, दुसरा तुमच्या खोक्यात घालणार नाय."

२० एप्रिल

जोडणी झाली. पहिल्याच दिवशी विचित्र प्रकार. लेझर लावला, समोर काहीच नाही, नुसती हेक्झेनने तीनदा पुसलेली पट्टी, तरी मीटर भरभरून दाखवतोय. अर्धा दिवस पट्टी पुसण्यात गेला.

तेल पट्टीवर नव्हतंच. चमकत होती ती पिवळी काच. रंगीत काचेवर थेट जांभळा प्रकाश पडला की ती स्वतःच थोडी उजळते. पत्रा आरशासारखा, त्यावरून परतलेला किरण सरळ काचेत जात होता. लेझर तिरका बसवला, जेणेकरून परावर्तित किरण काळ्या मखमलीच्या तुकड्यावर जाऊन मरेल आणि फोटोडायोड फक्त बाजूला विखुरलेला प्रकाश घेईल. शून्याचा आकडा एकदम एक तृतीयांशावर आला.

दुसरा त्रास ट्यूबलाइटचा. वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे उजेड सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. लेझर १३७० हर्ट्झने चालू-बंद करून फक्त त्याच ठेक्यातला सिग्नल वेचायला लावलं. आता शेडचे दिवे लावले काय नि विझवले काय, फरक पडत नाही. फक्त शेजारच्या गाळ्यात वेल्डिंगचा आर्क पेटला की आकडा उडी मारतो. त्याला उपाय म्हणजे खोक्याला आतून काळा रंग आणि दाराला रबरी पट्टी.

२६ एप्रिल

आज मोजपट्टी तयार केली. नुसते मिलिव्होल्ट सांगून कुणाचं पोट भरत नाही, चौरस मीटरला किती मिलिग्रॅम ते हवं.

१०० मिलिग्रॅम प्रेसतेल १०० मिलि हेक्झेनमध्ये विरघळवलं. १० बाय १० सेंमी पट्टीवर त्यातलं १ मिलि पसरलं की हेक्झेन उडून १ मिलिग्रॅम तेल उरतं. म्हणजे चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम, जाडी साधारण ०.११ मायक्रॉन. दहापट पातळ केलं की १० मिलिग्रॅम, ११ नॅनोमीटर. बोटाला न लागणारा आणि डोळ्याला न दिसणारा थर.

तेल मोजायला आमचा काटा कुचकामी, तो ग्रॅमच्या दशांशापर्यंतच जातो. बाजारपेठेतल्या ओळखीच्या सोनाराकडे बाटली घेऊन गेलो. तिथे एक बाई पाटल्या मोडायला आलेल्या, त्यांच्यानंतर माझं प्रेसतेल त्याच काट्यावर चढलं. सोनाराने काटा दोनदा पुसून घेतला, एकदा माझ्या आधी आणि एकदा नंतर.

आकडे असे: स्वच्छ पट्टी ३८ मिलिव्होल्ट, १० मिलिग्रॅमला ५७, १०० ला ४१०. खालच्या टोकाला रेषा वाकते. धातूला अगदी लागून असलेल्या पातळ थरात रेणूची ऊर्जा प्रकाश होण्याआधीच धातू ओढून घेतो, त्यामुळे चमक दबते. १० च्या खालचं मोजल्याचा आव आणायचा नाही, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. मर्यादा ७० मिलिव्होल्ट.

थेंब नुसता सुकू दिला तर तेल कडेला जमून वर्तुळ होतं. पट्टी हातात तिरकी फिरवत राहावी लागते, घावनाचं पीठ तव्यावर फिरवतात तशी.

३ मे

झाकणांवर पहिली खरी चाचणी. धुऊन, रिन्स करून आलेली दहा झाकणं: सपाट भाग ४० ते ४५, दुमडीजवळ ५० च्या आसपास. सगळी पास. मग माझी झोप का उडाली? कारण फोड आले होते ते नेमके दुमडीवरच.

हीच झाकणं सुकवायच्या भट्टीतून काढून परत लेझरखाली धरली आणि उत्तर मिळालं. दुमडीच्या रेषेत ३०० च्या वर! नारिंगी चष्म्यातून बघितलं तर रेषाभर हिरवट उजेड, कुणी खडूने आखल्यासारखा. फटीत अडकलेलं तेल थंड असताना आतच बसून राहतं. भट्टीत गरम झालं की पातळ होऊन बाहेर झिरपतं, आणि त्याच्यावर आम्ही विश्वासाने पावडर मारतो.

दोन वर्षं आम्ही तपासत होतो ते भट्टीच्या आधी. दादाला दाखवलं. तो बराच वेळ चष्मा लावून बसला आणि मग एवढंच म्हणाला, "प्रेसवाल्याला फोन लाव."

६ मे

दोन बदल केले. डिग्रीजिंग दोनदा, मधल्या वेळात झाकण उलटं टांगून निथळवायचं. आणि लेझर तपासणी भट्टीनंतर. दुमडीचा आकडा ६० च्या आत आला. प्रेसवाल्यानेही तेल ब्रशने थापण्याऐवजी रोलरने लावायचं कबूल केलंय. बघू.

११ मे

आज तारे चमकले. झाकणभर बारीक, तेजस्वी ठिपक्यांनी मीटर २०० वर. तेल असं दिसत नाही, तेल पसरट आणि हिरवट असतं. भिंगाखाली धरलं तर कापसाचे तंतू. पुसायचं फडकं घरून धुऊन आणलेलं, आणि कपड्याच्या पावडरीत शुभ्रता यायला जे रसायन घालतात ते याच प्रकाशात चमकतं. आता फडकी साध्या साबणाने धुवायची. मामांच्या घरून निरोप आला की फडकी पिवळी पडली तर आमचा दोष नाही.

जाता जाता उत्सुकता म्हणून खोबरेलही लावून पाहिलं, कारण सकाळच्या पाळीतल्या निम्म्या डोक्यांवर ते असतं. प्रेसतेलाच्या तुलनेत फारच मंद. म्हणजे बोटांचे खोबरेल ठसे हे यंत्र जवळजवळ पकडत नाही. हातमोजे सक्तीचे केले आणि पुढे गेलो. इथे थांबून विचार करायला हवा होता.

१९ मे

सलग चार लॉट पास. मी खूश. दादाने ग्राहकाला फोटो पाठवले, हिरवी रेषा आधी आणि नंतर. खात्रीसाठी घरगुती दमट पेटी केली: पत्र्याचा डबा, तळाला ४० अंश पाणी, वर झाकणं पालथी, म्हणजे त्यांच्यावर सतत दव धरेल. आत बारा झाकणं ठेवली.

नळाचं पाणी दिवसाआड झालंय. रिन्सच्या टाकीला गेल्या आठवड्यापासून टँकर.

३० मे

पेटी उघडली. बारापैकी पाच झाकणांवर फोड. दुमडीवर एकही नाही. सगळे मधोमध, सपाट भागावर, मोहरीएवढे.

लेझरचे जुने आकडे परत परत काढले: ४१, ४३, ४०. यापेक्षा स्वच्छ पत्रा मी पाहिलेला नाही.

भाचा आंबे न्यायला आलाय, तो जहाजबांधणीत रंगाचा तपासनीस आहे. त्याला पेटी दाखवली. त्याने टाचणी मागितली, एक फोड टोचला. आतून पाण्याचा थेंब आला, तेल नाही. त्याने ओरडायच्या आत मी तो टाचणीच्या टोकाने जिभेला लावला. खारट.

"मामा, तुमचं तेल गेलं," तो म्हणाला, "मीठ कुठे गेलं?"

३१ मे

सगळं पाण्यात होतं. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, एप्रिलपासून ड्रॉवरमध्ये पडून होता. शेवटच्या रिन्समध्ये बुडवला: १४२०. नळाच्या पाण्याला १८० येतो. टँकर खाडीकाठच्या विहिरीवर भरतो. उन्हाळ्यात गोड्या पाण्याचा दाब कमी झाला की खाडीचं पाणी जमिनीखालून विहिरीत शिरतं, रत्नागिरीच्या भाट्याच्या बाजूला मे महिन्यात चहा मचूळ लागतो हे इथल्या पोरालाही माहीत आहे. मामा म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं हुतं, पाणी खारवलंय. तुम्ही खोक्यात डोकं घालून बसला हुता." म्हणाले होते खरंच. मी ऐकलं नाही.

पाणी सुकलं की मीठ पत्र्यावर राहतं, त्याच्यावर कोटिंग बसतं. पावडरचा थर पाण्याची वाफ थोडी थोडी आत सोडतोच. आतलं मीठ ती वाफ ओढून घेतं, खारं पाणी होतं, ते आणखी पाणी ओढतं आणि थर उचलला जातो. मिठाला कडीबंद रेणू नाहीत, ४०५ चा प्रकाश त्यातून आरपार जातो. माझ्या यंत्राला ते दिसणं शक्यच नव्हतं.

भाच्याच्या बॅगेत पत्र्यावरचं मीठ मोजायचे ब्रेसल पॅचेस होते, बॅगेत पॅचेस घेऊन आंबे न्यायला येणारा माणूस मी प्रथमच पाहिला. चिकट रबरी चौकोन पत्र्यावर लावायचा, आतला भाग साडेबारा चौरस सेंमी. सिरिंजने १५ मिलि शुद्ध पाणी आत-बाहेर खेळवायचं आणि मग त्याची विद्युतवाहकता मोजायची. या मापाला हिशोब सोपा: वाढलेल्या मायक्रोसीमेन्सला सहाने गुणलं की चौरस मीटरला मिलिग्रॅम मीठ.

टँकरच्या पाण्यात रिन्स केलेलं झाकण: १९, म्हणजे ११४ मिलिग्रॅम. बॅटरीच्या (क्षार काढलेल्या) पाण्याने शेवटचा हात मारलेलं: ४, म्हणजे २४. जहाजाचा तोल राखायला समुद्राचं पाणी भरतात त्या बॅलास्ट टाक्यांना रंग देण्याआधी ५० च्या वर चालत नाही, हा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा २००६ चा नियम भाच्याला तोंडपाठ. आमचं झाकण जहाज नाही, पण तेही समुद्राच्या वाऱ्यातच उभं राहणार आहे.

रात्री रजिस्टर काढलं. ९ एप्रिलला मी ज्या झाकणांवर धूळ बसली म्हणून बाजूला ठेवली, त्यांचे लॉट नंबर पाहिले. सगळे गेल्या वर्षीच्या मे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातले. टँकरचे दिवस. पेटी तेव्हाच नीट बघितली असती तर पावणेदोन महिने वाचले असते. अर्थात दुमडीचं तेल मग सापडलं नसतं.

१ जून

तात्पुरती सोय: शेवटचा हात बॅटरीच्या पाण्याचा, फवारणीने. खर्च झाकणामागे परवडत नाही. आरओ लावायचं म्हटलं तर त्याचं वाया जाणारं पाणी या दिवसांत टँकरमधूनच भरावं लागेल. दादा म्हणाला, आठवडाभर थांब, मृग आला की आकाशातून फुकट मिळेल. चेष्टेत म्हणाला होता.

९ जून

पाऊस! काल रात्रीपासून धो धो. पहिल्या दोन सरी पत्र्यावरची धूळ आणि उन्हाळाभराचा खारा थर घेऊन जातात म्हणून सोडून दिल्या. पन्हाळीचं पाणी मग जुन्या पांढऱ्या टाकीत घेतलं. टीडीएस २२. दोनदा मोजलं, मीटर बिघडला की काय म्हणून नळाच्या पाण्यात बुडवून परत आलो.

शेवटचा रिन्स आता पावसाच्या पाण्याचा. पॅचवर ५, म्हणजे ३०.

१७ जून

वीज तीन दिवस येऊन-जाऊन. लेझर इन्व्हर्टरवर चालतो, भट्टी नाही. काम बंद. काचेवर बुरशीचा ठिपका धरलाय, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या.

२ जुलै

तेल नाही, तंतू नाही, पण मीटर ९०. नारिंगी चष्म्यातून पाहिलं आणि जरा दचकलो. झाकणाच्या कोपऱ्यात लाल ठिपके. हिरवे नाहीत, डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. दिवा लावला की तिथे काहीच नाही, फार तर पत्रा किंचित मळकट. दिवा बंद, लेझर चालू, परत लाल.

एवढ्या जांभळ्या प्रकाशात इतका गडद लाल देणारी वस्तू इथे एकच: हरितद्रव्य. ते जांभळा-निळा गिळतं आणि ६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल सोडतं. खात्रीसाठी मागच्या पायरीवरचं शेवाळ नखाने खरवडून काचपट्टीवर घेतलं. तोच लाल.

पन्हाळीखालची टाकी पांढरी, अर्धपारदर्शक, मागच्या अंगणात उघडी. उजेड मिळतोय, पाणी साचतंय, तीन आठवड्यांत आत हिरवी साय धरलीय. वरून स्वच्छ दिसत होती म्हणून कुणी आत डोकावलं नाही.

मला यात एक बरं वाटलं. तीन महिन्यांत हे यंत्र पहिल्यांदाच मी न मागितलेलं काहीतरी सांगून गेलं.

६ जुलै

काळी टाकी आणली, झाकण पक्कं, तोंडाला बारीक जाळी. जुनी पांढरी टाकी मामांनी आत उतरून काथ्याने घासली, बाहेर आले ते गुडघ्यापर्यंत हिरवे. लेझरखाली पाय धरायची माझी फार इच्छा होती. त्यांनी नकार दिला.

१९ जुलै

दमट पेटीतली दुसरी बारा झाकणं आज बाहेर काढली. २५ दिवस. फोड नाही. एका झाकणाच्या दुमडीवर एक पुरळ शंकास्पद आहे. तिथला भट्टीनंतरचा आकडा वहीत ६६ लिहिलेला, म्हणजे पास, पण काठावर. मर्यादा ६० वर आणली.

वहीत आता प्रत्येक लॉटसमोर तीन रकाने आहेत: लेझर भट्टीनंतर, पॅच दोन झाकणांवर, टाकीचा टीडीएस. तिसरा रकाना मामा भरतात, मराठी आकड्यात, आणि आकडा १०० च्या वर गेला तर मला न विचारता लाइन थांबवतात. खोबरेलाचं अजून काही झालेलं नाही. कमी तरंगलांबीचा, ३६५ चा दिवा मागवलाय, त्यात ते किती दिसतं बघायचं. तो येईपर्यंत हातमोजे. फेब्रुवारीत पावसाचं पाणी संपेल तेव्हाची सोय दादा आणि मी अजून भांडून ठरवतोय. त्याला दुसरी टाकी हवी आहे, मला आरओ.